जीभ मागणारे सर

नागपुरात घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. आमचे घरमालक आधी साबण द्यायचे. हात धुवायला नव्हे, जीभ लावायला.

हे सांगितलं की ऐकणारे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, झालं याचं सुरू. त्यांचंही चुकत नाही. सदरमधल्या एका दुकानात मी पंखे आणि कूलर विकतो. मी विकलेल्या कूलरपुढे बसून एका वकिलाला ऐन मे महिन्यात स्वेटर घालावा लागला, हे मी इतक्या गिऱ्हाइकांना सांगितलं आहे की आता तो वकील मला चेहऱ्यासकट आठवतो. तेव्हा माझं बोलणं निम्मं कापून घ्यायची रीत मला मान्य आहे. पण सरांबद्दल सांगतो त्यातलं काही कापू नका. ते मी आधीच कापून आणलं आहे.

सर म्हणजे केमिस्ट्रीचे निवृत्त शिक्षक. आम्ही नवराबायको त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली बेल वाजली की सर दार उघडायचे ते डाव्या तळहातावर साबणाची एक छोटी फाक घेऊनच.

"जयभीम. या. जीभ बाहेर काढा. चाटायचं नाही, नुसतं टोक टेकवा. हं. चावतो का?"

साबण कच्चा असला की त्यात कॉस्टिक, म्हणजे साबण करताना घातलेला दाहक सोडा, मोकळं राहिलेलं असतं आणि ते जिभेला चावतं. लहानपणी रेडिओच्या चौकोनी सेलला जीभ लावून पाहिली असेल, तर तसाच झटका. पिकलेला साबण नुसता साबणासारखा लागतो. म्हणजे वाईटच, पण गरीब. हे तपासायची पट्ट्या-बाटल्यांची साधनं सरांपाशी होती. पण शेवटचा शब्द जिभेचा, असं त्यांचं शास्त्र होतं. "पट्टी रंग दाखवते," ते म्हणायचे, "दुखतं किती, ते नाही दाखवत."

त्यामुळे आमच्या गल्लीत कुरिअरवाला, मीटर वाचणारा, केबलवाला, सगळ्यांच्या जिभा साबणाला लागलेल्या. गॅसवाला तर फाटकाबाहेरूनच ओरडायचा, "सर, आज तोंड आलं आहे माझं!" आणि सिलिंडर तिथंच ठेवून पळायचा. गल्लीतली कुत्रीसुद्धा एरवी जिभा लोंबवत हिंडायची, पण सरांच्या फाटकापुढून जाताना तोंड मिटून जायची. हे मी स्वतः पाहिलं आहे.

एकदा निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आले. मागं ढोल, झेंडे आणि फटफट्यांची रांग. सरांनी दार उघडलं आणि साबण पुढे केला. उमेदवाराला वाटलं, काहीतरी प्रसाद असावा. त्यांनी टोक नाही टेकवलं. त्यांनी अख्खी जीभ फिरवली.

"छान आहे," ते म्हणाले.

"छान आहे का ते नाही विचारलं. चावतो का?"

मागं सगळा वॉर्ड उभा. मतदाराच्या दारात वाईट बोलायचं नाही, अशी त्या जिभेला वर्षानुवर्षांची सवय. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या, नाकाचा शेंडा लाल. "नाही, नाही, बिलकुल नाही चावत, सर. उत्तम आहे."

सरांनी हाक मारून मला वरून बोलावलं. मी खाली येऊन त्याच फाकेला जीभ टेकवली आणि अशी बोंब ठोकली की ढोलवाल्याचा ठेका चुकला.

"बघा," सर उमेदवाराला शांतपणे म्हणाले, "मत देईन मी तुम्हाले. पण तुमची जीभ माझ्या कामाची नाही."

सर उंच, काटकुळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातात हात दिला की सोडायचे नाहीत. उलटा करून मागची बाजू बघायचे, अंगठ्यानं कातडी ओढून सोडायचे आणि ती किती वेळात जागेवर जाते ते पाहायचे. "हे हात आहेत की भाजलेले पापड?" असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. सासरे तेव्हापासून आमच्याकडे आले की हात खिशात घालून जिना चढतात.

लोकांच्या घरात जिथं सोफा असतो, तिथं सरांकडे बांबूची मांडणी होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिच्यावर साबणाच्या वड्या एकमेकींना न टेकता मांडलेल्या. महिना-दीड महिना त्या वाऱ्यावर पडून राहायच्या. सर त्याला वाळवणं म्हणायचे नाहीत, पिकवणं म्हणायचे. पिकायच्या आत वडी मागितली तर सख्ख्या भावालाही मिळायची नाही. "कच्चा आंबा मीठ लावून खाता येते," ते म्हणत, "कच्च्या साबणाचं काय करता?"

साबण गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी दुपारी व्हायचा. डोळ्यांवर जुन्या हेल्मेटची काच, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. त्या दिवशी भाडेकरूंनी गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. कॉस्टिक पाण्यात सोडायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, हे ते दर वेळी मोठ्यानं स्वतःलाच बजावायचे. तेल खोबऱ्याचं, एरंडीचं आणि मोहाच्या बियांचं. मोहाचं तेल आणायला ते एसटीनं पारशिवनीकडे जायचे, एका ओळखीच्या घाण्यावर. परतीच्या बसमध्ये त्या कॅनच्या वासानं कन्हानचा पूल येईपर्यंत निम्मी बस मागच्या सीटांवर सरकलेली असायची आणि कंडक्टर दारात लटकून तिकिटं फाडायचा. पण साबण झाला की तो वास निघून जायचा. उरायचा एक मऊपणा. अंग धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी व्हायची नाही, एवढंच. मी दुकानात सांगायचो की या साबणानं आमच्या दाराच्या बिजागऱ्याही कुरकुरायच्या थांबल्या. सरांच्या कानावर गेलं, तेव्हा ते रागावले.

"साबणाबद्दल वाढवून नका सांगू हो. पंख्याबद्दल काय सांगायचं ते सांगा. साबणाचं काम मळ नेणं आणि तेल राहू देणं, बस. बाजारचा साबण दोन्ही नेते. त्यातलं ग्लिसरीन काढून घेतात, अन् मग तेच डबीत घालून आपल्याले परत विकतात. हातच्या साबणात ते राहून जाते. जादू काही नाही."

"पण सर, फेस कमी येतो."

"फेस म्हणजे जाहिरात. मळ फेसाले भीत नाही."

एकदा घरांच्या मागच्या ओळीतल्या एक बाई आल्या. मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. "सर, असा द्या की आठ दिवसांत पोरगी उजळली पाहिजे."

सरांनी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "साबण मळ काढते, बाई. रंग काय मळ आहे?"

बाईंचा चेहरा पडला. मुलगी मात्र खुदकन हसली, आणि हसताना तिनं तोंडावर हात धरला तो सरांनी पाहिला. भांडी घासून घासून बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. सरांनी तिला दोन वड्या दिल्या. म्हणाले, "भांड्यांच्या वडीनं हात धुणं बंद कर. यानं धू आणि लगेच कोरडे कर. पाहुण्यांसाठी नाही सांगून राहिलो. मीठ-मसाला लागल्यावर झोंबते ना, त्याच्यासाठी."

इतकं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, निवृत्तीनंतर माणसाला नाद लागला. गल्लीलाही बरेच दिवस तेच वाटत होतं. त्या बांबूच्या मांडणीमागं एक पडदा होता, आणि पडद्यामागं खिडकीपाशी एक खाट होती, हे फक्त घरात जाणाऱ्यांना माहीत होतं.

खाटेवर काकू असायच्या. सरांच्या मागं गाडीवर बसून जात असताना एका खड्ड्यात त्या मागच्या मागं पडल्या होत्या. पाठीचा कणा गेला. छातीखाली काही कळायचं नाही, काही हलायचं नाही. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर सरांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "पाय परत येणार नाहीत. त्यांची आशा सोडा आणि पाठ सांभाळा. असा पेशंट पायांनी जात नाही, पाठीनं जातो. पाठ एकदा उघडली की आमच्याही हातात फार काही राहत नाही."

सरांनी नोकरी मुदतीआधी सोडली. त्या दिवसापासून त्यांना एकच विषय उरला. घड्याळ लावून कूस बदलायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. आणि रोज सकाळी अंघोळ. ती ते स्वतः घालायचे. ठेवलेल्या नर्सबाई त्यांनी तिसऱ्याच दिवशी परत पाठवल्या, का तर त्या पाठ घासून पुसत होत्या. पहिल्या हिवाळ्यात दुकानच्या साबणानं काकूंची कातडी कोरडी पडून कंबरेपाशी तडकली. चीर केसाएवढी असेल, पण सरांनी ती पाहिली आणि त्यांना डॉक्टरचं वाक्य ऐकू आलं. साबण तिथून सुरू झाला. "साबणानं जखम भरत नाही," हे ते नेहमी सांगायचे. "पण तडकलेली कातडी म्हणजे जखमेले उघडं ठेवलेलं दार. ते लावून घ्यायचं आहे मले. बाकी काम कूस बदलण्याचं."

काकूंना या सगळ्याची मजा वाटायची. निदान त्या तसं दाखवायच्या. माझी बायको भाजी निवडायला त्यांच्यापाशी जाऊन बसायची, तेव्हा सांगायच्या, "काय सांगू वं तुले. लग्नाले इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी माह्या पाठीकडे पाह्यलं नव्हतं. आता दिवसभर तेच पाहून राहिला. आरसा आणून मलेबी दाखवते. म्हणे, पाह्य, किती सुंदर आहे."

"मग? आहेच," सर पडद्यापलीकडून म्हणायचे.

"ऐकलं का? तोंड म्हातारं झालं तेव्हा पाठ आवडली."

तक्रार हा शब्द त्या बाईच्या कोशात नव्हता. एकदा दाढ दुखून गाल सुजला तरी त्या म्हणत होत्या की पान खाल्लं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं तिच्यावर चाललं.

मग ती तापाची साथ आली. गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू लागले. सरांना ताप आला, उतरला. काकूंना आला नाही, कारण ताप असताना सर तोंडाला तीन-तीन फडकी बांधून त्यांची कूस बदलत होते. काकू म्हणायच्या, "दरोडेखोर आला म्हणून मी रोज दचकते." आम्ही वरून डबे सोडायचो. सगळे वाचलो म्हणून आम्ही हसलो, आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं असं धरून चाललो.

त्या पावसाळ्यात काकूंच्या पाठीवर लाल चट्टा उमटला. आधी तळहाताएवढा, मग वाढत गेला. बोटानं दाबलं तरी पांढरा पडेना. सरांची झोप गेली. त्यांनी गादी बदलली, चादरी उकळल्या, पाणी गाळून घेतलं. कूस बदलायचं घड्याळ आणखी घाईचं लावलं. आणि अंघोळ तर आणखी काळजीनं, तोच साबण हातावर फेसाळून, हळूहळू, पुन्हा पुन्हा. डॉक्टर फोनवरून मलम सांगायचे. चट्टा वाढायचा. जिना चढताना मला खालून सरांचा आवाज ऐकू यायचा, "आज कमी आहे, थोडा कमी आहे," आणि काकूंचा, "हो, मलेबी कमीच वाटून राहिला." त्यांना काही वाटायचा प्रश्नच नव्हता. पाठ त्यांना कळतच नव्हती.

त्यांचं मन रमावं म्हणून एका संध्याकाळी मी सावजीचं मटण घेऊन खाली गेलो. सावजीचा रस्सा काय असतो हे नागपूरकराला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, त्याच रश्श्याच्या उरलेल्या दोन चमच्यांनी मी एकदा गंजून बसलेला नळ मोकळा केला आहे. पडदा बाजूला करून आम्ही काकूंच्या खाटेपाशी बसलो. दोन घासांत माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आणि उचकी. काकूंनी एक चमचा घेतला आणि "आई आई" करत हसू लागल्या. सर वाटी तोंडाला लावून रस्सा पीत होते. खीर प्यावी तसे.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले.

काकूंचं हसू थांबलं. "अहो, तिखट नाही लागून राहिलं का तुम्हाले?"

"लागून राहिलं ना."

"मग नाक काहून कोरडं आहे तुमचं?"

सरांनी वाटी तोंडापासून खाली घेतली.

"कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून," सर म्हणाले. "तोंडाले काहीच लागत नाही. झोंबतबी नाही. तुले काय सांगायचं, एवढंसं ते. जेवण जाते, पोट भरते."

सरांची वाटी तशीच हातात होती आणि त्यांची नजर हळूहळू आमच्यावरून निघून बांबूच्या मांडणीवर गेली. ते उठले, उष्ट्या हातानंच. न्हाणीघरातली वापरातली वडी आणली, तिचा कोपरा नखानं मोडला आणि माझ्यापुढं धरला.

"टेकवा."

मी टेकवली. आयुष्यात जिथं बोंब ठोकायची संधी सोडली नाही, तिथं माझा आवाज फुटला नाही.

"चावतो, सर."

"किती?"

"लय चावतो."

सर मांडणीला पाठ लावून खाली फरशीवर बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे बोलू लागले. टाळेबंदीत खोबरेल कमी मिळालं होतं, म्हणून त्यांनी एरंडेल वाढवलं. एरंडेलाला कॉस्टिक कमी लागतं. माप जुनंच राहिलं, कॉस्टिक उरलं. पट्टी लावायला पट्ट्या संपल्या होत्या, दुकानं बंद होती; पण जीभ होतीच की. जीभ लावली. जीभ म्हणाली, पिकला. हात तर साबण करून करून आधीच निबर झालेले.

"जिले लावला तिले कळत नाही," ते म्हणाले, "अन् ज्यानं तपासला त्यालेबी कळत नाही. रोज सकाळी. माह्या हातानं."

"अहो, इकडं या," काकू खाटेवरून म्हणाल्या. "या ना. मले कुठं दुखलं? मले तर समजलंबी नाही."

"तेच तर," सर म्हणाले.

मांडणीवरचा तो सगळा साबण फरशी पुसायला गेला. पुढं बरेच दिवस काकूंना नुसत्या कोमट पाण्यानं पुसलं आणि पाठीवर अजिबात टेकू दिलं नाही. आता या कुशीवर, मग त्या कुशीवर. उचलायला सरांबरोबर मी असायचो. एके ठिकाणी वरची साल गेली होती, रुपयाएवढी. ती खोल जाते की भरून येते, एवढाच प्रश्न त्या घरात होता. सर जेवायचे उभ्यानं. गल्लीत कुणी मोठ्यानं हसलं तरी मला राग यायचा. मग एका सकाळी सरांनी मला वरून बोलावलं आणि आरसा धरून दाखवलं. कडेनं नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. सर त्या जागेला हात लावत नव्हते. नुसते बघत होते.

त्यानंतर सर जीभ मागू लागले. ती कुरिअरवाल्याची, मीटरवाल्याची, उमेदवाराची हकिकत या पुढची.

पहिली जीभ काकूंनी देऊ केली होती. "मी आहे ना घरात. माही जीभ तर जित्ती आहे. लोकाईले काहून त्रास?"

"तू नाही," सर म्हणाले.

"काहून?"

"तू सांगणार नाहीस. चावला तरी म्हणशील, नाही चावत. मले वाईट वाटू नये म्हणून."

काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं. तिकडूनच म्हणाल्या, "हे मात्र बरोबर बोलले."

सर वेगवेगळ्या जिभा तपासत गेले. कुणी भिडेनं नाही म्हणायचा, कुणी सुटका व्हावी म्हणून. शेवटी पक्की नेमणूक माझी झाली. मला धक्काच बसला. मी म्हटलं, "सर, तुम्हीच तर म्हणता की मी तिळाचा ताड करतो. माझ्या बोलण्यावर माझी बायको विश्वास ठेवत नाही. आणि तुम्ही काकूंची पाठ माझ्या जिभेवर सोपवता?"

"म्हणूनच," सर म्हणाले. "तुम्ही वाढवता. लपवत नाही. जिथं मुंगीएवढं चावते तिथं तुम्ही साप चावल्यासारखे नाचता. मले तशीच जीभ पाहिजे. तिले काहीच कळत नाही ना, मग तिच्या वाटचं कोणालेतरी जास्त कळलं पाहिजे."

माझं आजवर पुष्कळ कौतुक झालं आहे, त्यातलं बरंचसं मीच केलेलं. हे एक मात्र मी कुणाला सांगत नाही.

मग वर्षानुवर्षं प्रत्येक घाण्याचा साबण आधी माझ्या जिभेवर आला. मी ओरडायचो, जिन्याच्या कठड्याला धरून उड्या मारायचो. सर निमूटपणे वड्या परत मांडणीवर ठेवायचे आणि आणखी काही दिवस पिकू द्यायचे. काकू पडद्यामागून विचारायच्या, "आज विंचू की नाग?" माझ्या ओरडण्यानं साबण दर वेळी गरजेपेक्षा जास्तच पिकायचा, आणि जास्त पिकलेला साबण जास्त गरीब असतो. पाठ पुन्हा लाल झाली नाही.

काकू गेल्या एका हिवाळ्यात, छातीत कफ भरून. दवाखान्यात नेलं, थोडं बरं वाटलं म्हणून घरी आणलं, आणि सकाळी सर गरम पाणी घेऊन आले तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

गल्ली जमली. पांढरं पातळ आलं. मग शेवटच्या अंघोळीसाठी बायका आत गेल्या. माझी बायको होती, आणि आमच्या गल्लीत अशा वेळी जिला सगळे बोलावतात ती एक म्हातारी मावशी. पडदा ओढला गेला. सर नेहमीप्रमाणे बाह्या दुमडून, बादली घेऊन आत निघाले. मावशीनं त्यांना दारातच थांबवलं.

"तुम्ही बाहेर थांबा, सर. हे बायकाईचं काम आहे."

ज्या पाठीला त्यांनी इतकी वर्षं परका हात लागू दिला नव्हता, तिच्या शेवटच्या अंघोळीला ते पडद्याबाहेर उभे राहिले. बाहेर अंगणात पुरुषमाणसं बसलेली, कुणी गाडीचं बघत होतं, कुणी फोन करत होतं. सर तिकडं गेले नाहीत. पडद्याला तोंड लावून उभे राहिले.

"पाणी कोमट आहे ना?"

"आहे, सर," आतून माझ्या बायकोचा आवाज.

"वडी अंगाले नका लावू. फेस हातावर करा आधी."

"हो."

"वळवताना खांद्याखालून हात घाला. दंडाले धरून नका ओढू."

मावशीनं अशा कितीतरी अंघोळी घातल्या होत्या, तिला शिकवायची कुणाची टाप नव्हती. पण आत नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. सरांनी पडद्याची कड मुठीत धरली.

मावशीनं पडदा थोडा बाजूला करून तोंड बाहेर काढलं. हात कोपरापर्यंत ओले. म्हातारीचे डोळे भरले होते.

"किती वर्षं पडून होती, सर, ही?"

सरांनी ते ऐकलंच नाही. "पाठ पाह्यली का?"

"पाह्यली."

"कंबरेच्या हाडापाशी? हात लावून पाहा."

"लावला."

"टाचा?"

"टाचाबी पाह्यल्या. कुठंच काही नाही, सर. माशी बसल्याएवढा डाग नाही. खाटेवरच्या माणसाची पाठ मी अशी पाह्यली नाही कधी. तान्ह्या लेकराची आहे."

सरांनी मान हलवली. दोनदा हलवली. मुठीतली पडद्याची कड सोडली, आणि शाळेत शेवटची सूचना द्यावी तशा आवाजात म्हणाले, "बरं. मग आता टिपून घ्या. घासू नका. घड्यांमध्ये पाणी राहू देऊ नका, ओलं राहिलं की कातडी..."

आणि तिथं थांबले.

मावशीनं पदरानं आपले हात कोरडे केले.

"टिपते, सर," ती म्हणाली. "बिलकुल ओलं ठेवत नाही."